दुकानाची घडी

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतल्या कुठल्याही लग्नमंडपात सगळ्या बायकांच्या नजरा जर एकाच साडीवर खिळल्या असतील, तर ती साडी आमच्या मामांच्या हातून गेलेली असणार, यावर मी कुणाशीही पैज लावायला तयार आहे. निदान नव्वदचं दशक संपता संपता जे सुरू झालं, ते पुढची बरीच वर्षं अगदी असंच होतं. नवरदेव काय करतो, मुलीच्या अंगावर किती सोनं घातलं, जेवणात जिलबी आहे की बुंदी, या चौकश्या नंतर. आधी बायका एकमेकींच्या कानाशी लागून विचारायच्या, आळ्याच्या दलालाकडची का? आणि जिच्या अंगावर ती साडी असायची ती मान जरा जास्तच ताठ ठेवून सांगायची, की हो, नंबराची आहे. नंबराची साडी म्हणजे काय, हे आमच्या भागात त्या काळी शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, आणि ते ठाऊक करून देणारा माणूस एकच.

मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आळ्याला रस्त्यालगत घर, मागे थोडी बागाईत, आणि मूळ धंदा बैलांच्या दलालीचा. बेल्ह्याच्या आठवडे बाजारात त्यांच्या शब्दाला वजन होतं. शब्दाला म्हणण्यापेक्षा बोटांना म्हणायला हवं, कारण बैलाचा सौदा तोंडाने होत नाही. घेणारा आणि देणारा एकमेकांचे हात रुमालाखाली धरतात आणि बोटं दाबून भाव सांगतात. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला काही कळत नाही. मामांच्या स्वभावातच हा रुमाल उतरला होता. मनात काय आहे ते त्यांनी चेहऱ्यावर कधी येऊ दिलं नाही. एखादी वस्तू आवडली की ते तिला नावं ठेवायला लागत, आणि फार आवडली तर तिच्याकडे पाठ फिरवून तंबाखू मळत बसत. माझं लग्न ठरलं तेव्हा मुलगा बघायला वडिलांनी त्यांना मुद्दाम बोलावून घेतलं. मामांनी माझ्या होणाऱ्या नवऱ्याभोवती एक सावकाश चक्कर मारली, त्याला अंगणाच्या टोकापर्यंत चालत जायला सांगितलं आणि परत आल्यावर वडिलांना म्हणाले, "खोड काय दिसत न्हाई." आमच्या घरात भांडण झालं की नवरा अजून हे प्रमाणपत्र काढून दाखवतो.

अशा माणसाला साड्यांचा नाद लागला तो माझ्या डोळ्यांदेखत. त्या वर्षी दिवाळीच्या आधी त्यांची एक जोडी चांगल्या भावाने गेली आणि त्या आनंदात ते आत्याला घेऊन पुण्याला माझ्याकडे आले. आत्याला पुण्याच्या मोठ्या दुकानातली साडी घ्यायची, असं त्यांनी लग्नानंतर पहिल्यांदाच मनावर घेतलं होतं. मी दोघांना लक्ष्मी रस्त्यावरच्या एका दुकानात नेलं. तिथे नेमकी गर्दी उसळलेली. चौकशी केली तेव्हा कळलं, की सिनेमातल्या नायिकांचे कपडे करणाऱ्या मुंबईच्या कुणा डिझायनरने त्या दुकानाबरोबर मिळून दिवाळीसाठी साड्या काढल्या आहेत. त्या एक्कावन्नच. पदराच्या आतल्या बाजूला चिमुकली पट्टी शिवलेली, तिच्यावर डिझायनरची सही आणि साडीचा नंबर. पुन्हा निघणार नाहीत, आणि एका गिऱ्हाइकाला एकच मिळणार.

आमच्या वाट्याला आली ती पिकल्या जांभळाच्या रंगाची होती, मोतिया काठांची. जरीचं टिश्यू कापड, हातात घेतलं तर वजन म्हणून नाही. आत्या मुळात बोलकी बाई नाही. तिने त्या साडीवरून हात फिरवला आणि हात तिथेच ठेवला. तेवढ्यावरून मामांनी ओळखलं. त्यांनी रंगाला नावं ठेवली, काठाला नावं ठेवली, कापड कागदासारखं आहे म्हणाले, आणि पैसे मोजून साडी घेतली. आत्याचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला आहे. ती पिशवी तिने हातात लटकवली नाही, छातीशी धरली.

आम्ही दुकानाच्या पायऱ्या उतरत होतो आणि एक सफारीतले गृहस्थ व त्यांच्या पत्नी धावतपळत वर येत होते. साड्या संपल्याचं कळल्यावर त्या बाई पायरीवरच मटकन बसल्या. नवऱ्याने आमच्या पिशवीकडे पाहिलं आणि सहज विचारल्यासारखं मामांना विचारलं, की देता का? यापुढे जे झालं ते इतकं झटपट झालं, की मला मध्ये पडायलाही अवधी मिळाला नाही. मामांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, त्या गृहस्थांचा हात धरला, वर टॉवेल टाकला आणि त्यांची बोटं दाबायला सुरुवात केली. भर रस्त्यात एक अनोळखी टोपीवाला आपली बोटं का कुरवाळतो आहे हे त्या बिचाऱ्यांना कळेना. ते घाबरून दर वाढवत गेले. मामांना वाटलं, गडी पक्का दिसतोय, म्हणून त्यांनी आणखी दाबलं. शेवटी जेवढ्याला घेतली होती त्याच्या दुपटीने साडी गेली, आणि आत्याच्या छातीशी धरलेली पिशवी मामांनी हळूच काढून त्या बाईंच्या हातात दिली.

परतीच्या रिक्षात आत्याने बाहेर बघतच विचारलं, की मग आता मला काय? मामा म्हणाले, "तुला याच्यापरीस भारी घेतो. जरा थांब." त्या दिवशी आत्या एक वायलची साडी घेऊन आळ्याला गेली. ते "जरा थांब" मी पुढे इतक्या वेळा ऐकलं, की आत्याचं नाव तेच आहे की काय असं वाटावं.

मामांचं गणित साधं होतं. बैल दर बाजाराला येतात, तरी चांगल्या जोडीला माणसं जीव टाकतात. इथे तर एक्कावन्न संपले की जातच संपली. मग दर वर्षी दिवाळीच्या आधी, आणि पुढे पुढे लग्नसराईच्या तोंडावरही, मामा पेपरातल्या जाहिराती वाचू लागले. फक्त जाहिराती. बातम्यांना त्यांनी कधी हात लावला नाही. अमुक दुकान आणि तमुक डिझायनर एकत्र आलेत, असं दिसलं की आळ्याहून जीप निघायची आणि सूर्य उगवायच्या आत माझ्या घरापुढे उभी राहायची. एकाला एकच साडी, म्हणून जीपमध्ये माणसं कोंबलेली. भावकीतले म्हातारे, शेजारी, बैलबाजारातले दोस्त. आमच्या जिन्यावर वहाणांचा ढीग पडायचा, मी पातेलंभर पोहे करायची, आणि खालच्या मजल्यावरच्या बाई विचारायच्या, की आज कुणाला बघायला आलेत?

मग ही सगळी पलटण दुकानापुढे रांगेत उभी राहायची. मामांनी सगळ्यांना पढवलेलं असे: खूश दिसायचं नाही, हात लावायचा नाही, आणि काहीही विचारलं तरी जी कमी शिल्लक आहे ती मागायची. एकदा काउंटरवरच्या पोरीने एका म्हाताऱ्याला कौतुकाने विचारलं, की आजोबा, आजींना कुठला रंग शोभतो? म्हातारा बायको जाऊन दहा वर्षं झालेला. तो गांगरला, आणि मग मामांची शिकवण आठवून म्हणाला, "जी कमी राहिलीया ती." त्या पोरीचे डोळे भरून आले आणि तिने त्याला चहा पाजला. दुकानदारही काही कच्चा नव्हता. त्याने पुढच्या वर्षी नियम केला, की साडी फक्त बायकांनाच मिळेल. मामांनी जीपमधली माणसं बदलली, एवढाच फरक पडला.

साडी विकण्याची मामांची पद्धत मात्र शेवटपर्यंत बैलबाजाराचीच राहिली. ते दुकान मांडून बसले नाहीत. बस्ता कुणाच्या घरी बांधायचा आहे याची त्यांना आधी खबर लागायची. मग ते मोटारसायकलवर मागे एक पेटी बांधून निघायचे. बायकांची बोटं धरता येत नाहीत, म्हणून सौदा नवऱ्याशी व्हायचा, टॉवेलाखाली, आणि बायको दारात उभी राहून दोघांचे चेहरे वाचायची. एका गोष्टीवर मामा कधीच हटले नाहीत. साडीची घडी उलगडून दाखवायची नाही. दुकानातून जशी आली तशीच, त्याच घडीत, त्याच प्लास्टिकच्या पिशवीत ती गिऱ्हाइकाच्या हातात पडली पाहिजे. नव्या साडीची घडी मोडण्याचा मान आमच्याकडे मोठा असतो. बायका तो कधी जावेला देतात, कधी मैत्रिणीला. मामांनी त्या मानाला भाव लावला. घडी मोडलेली साडी म्हणजे त्यांच्या लेखी कुणीतरी नेसलेली साडी. निरगुडसरला एका बागाईतदाराच्या बायकोने हट्टच धरला, की पदर बघितल्याशिवाय घेणार नाही. मामांनी साडीची एक कड दोन बोटांनी उचलून दाखवली. बाई म्हणाल्या, यात काय दिसतंय? मामांनी शांतपणे साडी पेटीत ठेवली, कुलूप लावलं आणि मोटारसायकलला लाथ मारली. त्या घरचा गडी फाट्यापर्यंत त्यांच्यामागे पळत आला आणि साडी न बघता घेतली गेली.

एका गावात एकाच तऱ्हेच्या दोन साड्या द्यायच्या नाहीत, हाही त्यांचा नियम. एक मंचरला, तर दुसरी ओतूरला. पण सोयरीक काही तालुके बघून होत नाही. आळेफाट्यावरच्या एका लग्नात मंचरची साडी आणि ओतूरची साडी अक्षता पडायच्या आधीच समोरासमोर आल्या. मामा पाहुणे म्हणून हजर होते. त्यांनी प्रसंग ओळखला आणि ते थेट आचाऱ्याच्या भट्टीमागे जाऊन वांग्यांच्या पोत्यावर बसले. दोन्ही बायका त्यांना शोधत तिथे आल्या. मामांनी दोघींकडे बघून नंबर विचारले. एकीचा नऊ निघाला आणि दुसरीचा चाळीसच्या पुढचा. मामा म्हणाले, की मग एक कशी? ही निराळी, ती निराळी. नऊ नंबरवाली समाधानाने मांडवात गेली. दुसरीने मात्र पुढच्या वर्षी एक नंबरच पाहिजे म्हणून मामांना तिथेच आगाऊ पैसे दिले. मामा भट्टीमागून बाहेर आले ते नवा सौदा करून.

टीव्हीवरच्या हिंदी मालिका ते न चुकता बघत. गोष्ट त्यांना कधी कळली नाही आणि ती कळावी अशी त्यांची इच्छाही नव्हती. कोण कुणाचा नवरा पळवते आहे यात त्यांना रस नव्हता. पळवताना काय नेसली आहे ते बघायचं. मधूनच मान हलवून म्हणायचे, "ही सून परत तीच साडी नेसली. त्या घरात भांडान व्हनारच." पुढे पुण्यात मॉल आले, आणि मॉलमधल्या एका मोठ्या दुकानाने कुणा डिझायनरच्या मोजक्या पर्स काढल्या. मामांनी मागचा-पुढचा विचार न करता त्या उचलल्या. दोन्ही तालुक्यांत एकही बाई पर्सला तेवढे पैसे द्यायला तयार झाली नाही. चामड्याची असो की सोन्याची, शेवटी ती पिशवीच, असं सगळ्यांचं मत पडलं. मामा बरेच दिवस त्या पेटीकडे पाठ करून तंबाखू मळत बसले. शेवटी आत्याने त्यातली एक उचलली आणि ती घेऊन भाजी आणायला जाऊ लागली. मेथीची जुडी त्यात उभी बसते आणि कोथिंबीर चुरगळत नाही, एवढीच तिची त्या पर्सबद्दलची तारीफ. नंबराची म्हणून आत्याला मिळालेली ती पहिली वस्तू.

आत्याबद्दल मला नीट सांगितलं पाहिजे, कारण मामांच्या गमती सांगताना लोक तिला विसरतात, आणि मामाही तेच करत होते. ज्या घरातून एवढ्या साड्या बाहेर गेल्या, त्या घरातली बाई वायल आणि सुती साड्यांवर होती. तिची जपून ठेवलेली अशी एकच साडी होती, तिच्या लग्नातला शालू. माझ्या आजीने घेऊन दिलेला. पाऊस सरला आणि आश्विनातलं ऊन पडलं, की आत्या दर वर्षी तो शालू बाहेर काढायची, गच्चीवर धोतरावर अंथरायची, दुपारभर ऊन द्यायची, आणि मग आधीच्या घडीच्या उलट घडी घालून जुन्या मऊ धोतरात गुंडाळून ठेवायची. रेशीम एकाच घडीत फार दिवस राहिलं की घडीवर विरतं, आणि जरीचं तर फाटतंच, हे तिला तिच्या आईने सांगितलेलं. दर वर्षी ती मामांच्या लोखंडी कपाटाकडे बोट दाखवून विचारायची, की तुमचा मालही जरा उन्हाला टाकू का? मामा किल्ली कमरेला खोचून म्हणायचे, की दुकानाची घडी एकदा गेली की परत बसत नाही. हात लावू नको. डांबरगोळ्या टाकल्यात.

आत्याने त्यांच्याकडे दागिने मागितले नाहीत, कुठे फिरायला न्या म्हटलं नाही. तिची इच्छा एकच होती, त्या नंबराच्या साड्यांतल्या एका साडीची घडी आपण मोडावी. ती तिने बोलून फार वेळा दाखवली नाही. नवी साडी घरात आली की ती पिशवीवरून हात फिरवायची आणि हात तिथेच ठेवायची. मामांच्या ते लक्षात यायचं. मग ते साडीला नावं ठेवायला लागायचे आणि शेवटी म्हणायचे, जरा थांब. एकदा मी रागावून त्यांना म्हटलं, की मामा, किती थांबायचं तिने? ते माझ्याकडे न बघता म्हणाले, की तुला काय माहीत. मला त्या वेळी ते उत्तर अगदी कोडगेपणाचं वाटलं होतं. खरंच मला काही माहीत नव्हतं.

त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं, वैशालीचं लग्न ठरलं, तोवर पुण्याची ती पहिली खरेदी होऊन जवळजवळ दहा वर्षं झाली होती. हळदीच्या दिवशी सकाळी, घरात पाहुण्यांची झुंबड असताना, मामांनी आत्याला आणि मला आतल्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच काहीतरी बघितलं. रुमाल उचलल्यासारखा चेहरा होता. त्यांनी लोखंडी कपाट उघडलं, वरचे सगळे गठ्ठे बाजूला केले आणि अगदी तळातून एक पिशवी काढली. पिकल्या जांभळाचा रंग, मोतिया काठ.

आत्याने आधी हात पदराला पुसले. मग विचारलं, "तीच का?"

"तसलीच. नंबर तेवढा येगळा," मामा म्हणाले. "त्या दिवशी इकली, त्याच रातीला वाटलं व्हतं, चुकलं. सालभरानं मंचरला एकीकडं घावली, घडी न मोडलेली. आपली शेवटची जोडी दिली तिच्यात."

ती जोडी गेली तेव्हा त्यांनी घरी सांगितलं होतं, की आता सगळी शेती ट्रॅक्टरवर, बैल ठेवून काय करायचे. आत्या त्या बैलांसाठी दोन दिवस जेवली नव्हती. आणि ते बैल तिच्यासाठीच गेले होते, हे तिला आत्ता कळत होतं.

"मग इतकी वर्सं का न्हाई दिली?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता.

मामा लहान मुलासारखे हसले. "तवा दिली असती तर एक साडी दिल्यागत झालं असतं. मी दर साली भाव इचारत व्हतो. दर साली चढत व्हता. आता पोरीच्या लग्नात नेसशील, तर दोन तालुक्यांत तुझ्याएवढी भारी कुनाची नसंल."

मी पुढे होऊन पिशवी फोडली. डांबरगोळ्यांचा वास खोलीभर पसरला. आत्याने घडीला हात जोडले, एक टोक स्वतः धरलं, दुसरं माझ्या हातात दिलं, आणि आम्ही मागे सरकलो. फार आवाज झाला नाही. वाळलेलं पान चुरगळावं एवढाच झाला. साडी जिथे जिथे दुमडलेली होती तिथे तिथे सुटली. पहिल्या घडीवर, मग दुसऱ्या, मग आडव्या घड्यांवर. माझ्या हातात वीतभर काठ राहिला, आत्याच्या हातात पदराचा एक तुकडा, आणि मधली साडी पट्ट्यापट्ट्यांनी जमिनीवर आली. "हळू, हळू," असं मामा म्हणत होते, पण आम्ही कधीच थांबलो होतो.

आत्या खाली बसली. तिने एक एक पट्टी उचलून मांडीवर ठेवली. पदराच्या तुकड्यावर ती सहीची आणि नंबराची चिमुकली पट्टी मात्र धड होती. आत्या म्हणाली, "एकडाव सांगायचं तरी व्हतं. मी उन्हाला टाकली असती."

मामा कपाटाला टेकून उभे होते. "मला वाटलं, थांबलो तर आनखी भारी व्हईल," ते म्हणाले. बाहेरून कुणीतरी हळदीची ताटं मागत होतं. आत्याने सगळे तुकडे जुन्या मऊ धोतरात बांधले, डोळे पुसले आणि दार उघडून बाहेर गेली. त्या माणसाचा मला आयुष्यात अनेकदा राग आला आहे, पण त्या क्षणी त्यांच्याकडे बघवेना.

लग्नात आत्या आपला शालू नेसली. तीस वर्षांपूर्वीचा, पण उन्हं खाल्लेला आणि दर साल घडी बदललेला, त्यामुळे एक धागा इकडचा तिकडे नव्हता. निरगुडसरच्या त्याच बागाईतदाराच्या बायकोने जवळ येऊन काठ चाचपला आणि विचारलं, की वहिनी, ही कुठल्या डिझायनरची? आत्या म्हणाली, "माझ्या आयनं घेतल्याली." मामा शेजारीच उभे होते, आल्या-गेल्याला टॉवेल-टोपी देत. त्यांनी ते ऐकलं. मांडवात त्या दिवशी त्यांच्या हातून गेलेल्या कितीतरी साड्या होत्या, आणि त्यांनी एकीकडेही मान वर करून बघितलं नाही.

त्या महिन्यातच त्यांनी धंदा आवरला. कपाटात जे उरलं होतं ते घेऊन ते घरोघर गेले, आणि प्रत्येक ठिकाणी साडी अंगणात, उन्हात, पूर्ण उलगडून दाखवू लागले. लोकांना ते खपेना. घडी मोडलेली दिसते, कुणीतरी नेसून परत केली असणार, अशी कुजबुज झाली आणि भाव पडला. मामांनी जो मिळाला तो घेतला, टॉवेल खांद्यावरून काढलासुद्धा नाही. वर प्रत्येकीला सांगायचे, की ठेवू नको बाई, उद्याच नेस. बायका हसायच्या आणि साडी पेटीत ठेवायच्या.

मग ते आत्यासाठी साड्या घ्यायला लागले. नंबराच्या नव्हेत, साध्याच, पण चांगल्या. दर दिवाळीला एक. नारायणगावच्या दुकानात बसून ते बाकीच्या बायकांना विचारत, हा रंग कसा दिसेल, आणि आवडलेल्या साडीला चारचौघांत चांगली म्हणत. घरी आल्यावर आत्याच्या पुढे ठेवून म्हणत, की आजच नेस. आत्या साडीवरून हात फिरवायची, छान आहे म्हणायची आणि विचारायची, की आज कुठं जायचंय? कुठं नाही, घरातच, असं मामा म्हणाले की ती हसायची. एवढी चांगली साडी घरात का कुणी नेसतं? चांगल्या दिवसाला नेसेन. आणि उठून ती कपाटात ठेवून द्यायची. इतकी वर्षं थांबून तिला थांबायची सवय लागली होती, आणि पुढे पुढे तिचे गुडघे धरले, लग्नकार्यांना जाणंही सुटलं. मामांनी एकदा अगदी हात जोडले, तेव्हा ती त्यांचीच समजूत घालत म्हणाली, "जरा थांबा वो. नेसनार हाय की."

मागच्या आश्विनात मी आळ्याला गेले होते. दुपारची वेळ, आत्या खाली ओसरीवर पाय पसरून बसली होती. मामा कुठे म्हटल्यावर तिने वर बोट केलं. गच्चीवर गेले तर सगळ्या गच्चीभर धोतरं अंथरलेली, आणि त्यांच्यावर त्या न नेसलेल्या साड्या ओळीने पसरलेल्या. मामा उन्हात टोपी घालून मध्ये बसले होते, कावळे हाकत. मला बघून त्यांना बरं वाटलं. एकट्याने घडी नीट पडत नाही म्हणाले. मी एका साडीचं टोक धरलं, दुसरं त्यांनी, आणि जुन्या घडीच्या उलट घडी घालत आम्ही एकमेकांकडे येत गेलो. त्यांची ती सौदे करणारी लांब बोटं आता काठाला काठ बरोबर लावत होती. तेवढ्यात खालून आत्याचा आवाज आला.

"जपून वो," ती म्हणत होती. "नव्या हायेत."